मायाक्काला बसता आलं नाही

आमच्या माळावरच्या बाभळींना अजून काटे फुटायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. पटत नसेल तर बाभळीला विचारा, माझ्या मागं लागू नका.

तर फार वर्षांपूर्वी कोरटेवाडीत मायाक्का नावाची धनगराची लेक होती. तिला दिली मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या घरात. सासरचा तळ आज इथं, उद्या तिथं. सासू वाईट नव्हती, पण पक्की होती. म्हणाली, माहेरी जा की, कोण अडवतंय? फक्त दिवेलागणीला तळावर पाहिजेस. आणि तळ तर दिवसेंदिवस माहेरापासून लांब सरकत चाललेला.

मग मायाक्का पळायला लागली. आधी एक माळ ओलांडून, मग तीन, मग किती ते मोजायचंच तिनं सोडलं. कासोटा मारायचा आणि सुटायचं. ससे वाट सोडून बाजूला उभे राहायचे, असं म्हणतात. संध्याकाळी ती आधी तळावर पोचायची आणि तिची सावली मागून धापा टाकत यायची, असंही म्हणतात. पण एवढं पळून माहेरी मिळायचा तो तांब्याभर पाणी पिण्याइतका वेळ. तेही उभ्यानंच.

तिची आई तान्हाबाई दारात घोंगडं अंथरून वाट बघायची. म्हणायची, "बस गं जरा."

"बसले तर उठायची नाही, आये."

बोलेपर्यंत ती निघालेलीच असायची. आई मग त्या रिकाम्या घोंगड्याकडं बघत राहायची.

ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजाला घोड्यांचं भारी वेड. त्यानं घोड्यांच्या गोल मैदानावर मायाक्काला आपल्या लाडक्या घोड्याशेजारी उभं केलं. दोन फेऱ्यांना घोडा जिंकला. चार फेऱ्यांना दोघं बरोबर आले. राजा म्हणाला, आता थांबूच नका. दुपार कलली तसा घोडा तोंडाला फेस आणून मैदानातच आडवा झाला, आणि मायाक्का आपली पळतेच आहे. शेवटी तिला थांबवलं, तेव्हा तिनं इकडंतिकडं बघून विचारलं, एवढी पळाले, मग माहेर कसं आलं नाही?

लोक हसले. राजा हसला नाही. म्हणाला, "माग."

"आईजवळ बसायचंय. दिवा लागून गेला तरी."

राजानं सासूकडं स्वार धाडला. सासूचा निरोप आला की माझी कधी ना होती? महिनाभर राहा म्हणावं, मेंढरं काही तिच्यावाचून उपाशी मरत नाहीत.

मायाक्का जी सुटली, ती त्याआधी कधी तशी पळाली नव्हती. आणि तिकडं, लेकीला घोड्याशी पळवतायत हे ऐकून तान्हाबाई घोंगडं खांद्यावर टाकून राजाच्या गावाची वाट चालू लागली होती. अर्ध्या वाटेत तिच्या अंगावरून वारा गेला, पदर उडाला. म्हातारीनं ओळखलं, ही माझीच. तिनं हाक मारली. हाक लेकीच्या मागं पळत सुटली, पण टेकडीच्या पायथ्याशीच दमली.

मायाक्का माहेरी पोचली, तर घराला कडी. शेजारीण म्हणाली, अगं, तुलाच बघायला गेली ती, वाटेत दिसली नाही? मायाक्का माघारी फिरली. जेवढी घाई तेवढा वेग, आणि जेवढा वेग तेवढी वाटेवरची माणसं दिसेनाशी. ती पुन्हा आईच्या अंगावरून गेली. पुन्हा परतली, पुन्हा गेली. म्हातारीला कळून चुकलं, चालून ही सापडायची नाही. तिनं वाटेतच घोंगडं अंथरलं आणि बसून राहिली. कुणी म्हणतं वर्षभर, कुणी म्हणतं मरेपर्यंत.

मायाक्का काही थांबली नाही. वैशाखात भर दुपारी आमच्या माळावर वावटळ उठते ती तीच, असं म्हणतात. गोल का फिरते? गोल पळायची सवय राजानं लावली ना.

दुसऱ्या गावांत वावटळ दिसली की लोक भूत म्हणून थुंकतात. कोरटेवाडीत नाही. इथं बाई शेतात असो की पाणवठ्यावर, हातातलं टाकून खाली बसते आणि शेजारची जमीन तळहातानं झाडून ठेवते.

माझी चुलती एकदा अशीच बसली. वावटळ आली, तिच्याभोवती घुटमळली, आणि सगळी धूळ हळूहळू तिच्या मांडीवर उतरली. आम्ही म्हणालो, काकू, ऊठ आता, लुगडं झाड.

काकू म्हणाली, "थांबा रे. आत्ता कुठं बसलीय."