पटावरचं मोकळं घर

खूप जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की सांगणाऱ्यांनाही साल ठाऊक नाही. तांबड्या खडकांच्या मुलखात झुनी लोकांचं एक गाव होतं. तिथं एक म्हातारी कुंभारीण राहायची. हात मोठा सढळ. शेजाऱ्याचं भांडं तिच्याकडून कधी रिकामं परत गेलं नाही. काहीच नसलं तर मूठभर मका तरी घालून द्यायची.

तिच्या जिवाला एकच घोर होता. तिचे दोन मुलगे वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांची शेतं लागून. एकानं अगदी हद्दीपर्यंत मका पेरला, म्हणून दुसऱ्यानंही पेरला. मधली पाऊलवाट गेली, आणि पलीकडे राहणाऱ्या पाथरवटाकडे जायला आईला लांबचा वळसा पडू लागला.

त्या हिवाळ्यात म्हातारा पाथरवट आजारी पडला. कुंभारीण वळसा घालून रोज त्याला गरम पेज नेऊन द्यायची. तो बरा झाला आणि त्यानं तिच्यासाठी सपाट दगडावर एक पट कोरला. समोरासमोर दोन नाग, त्यांच्या अंगावर सोंगट्यांची घरं. एका बाजूला पांढरे खडे, दुसऱ्या बाजूला काळे. समोरच्याच्या खड्यावरून उडी मारली, की तो आपला.

"लेकांना बसव खेळायला," पाथरवट म्हणाला.

म्हातारीचे डोळे भरून आले. पण घरी येऊन खडे मांडते तर काय, अगदी मधलं घर रिकामं! 'आजारातून उठलेला माणूस, एक खडा घडवायचा राहून गेला असेल बिचाऱ्याचा,' असं म्हणत तिनं आपल्या माळेतला निळा मणी तिथं ठेवून दिला.

आईचा शब्द मोडवेना, म्हणून दोघे भाऊ पटाशी बसले.

"आई, त्याला म्हणावं, आधी तू सरक," धाकटा म्हणाला.

"सरकू कुठं, म्हणावं त्याला!" थोरला म्हणाला, आणि दोघेही उठले.

म्हातारी रडवेली होऊन पाथरवटाकडे गेली. तिचं ऐकून तो खोकला येईपर्यंत हसला.

"अगं बाई, ते घर मी मुद्दाम मोकळं ठेवलंय. सगळीच घरं भरली, तर पहिली चाल खेळायची कुठं?"

म्हातारीनं घरी येऊन मणी उचलला आणि मुलांना पुन्हा बसवलं. थोरल्यानं एक खडा मधल्या घरात सरकवला. धाकट्यानं टुणकन उडी मारून तो उचलला.

"मारलंस की रे मला!" थोरला म्हणाला. वर्षभरात भावाशी तो पहिल्यांदाच बोलला होता. मग दोघेही हसत सुटले.

पुढच्या पेरणीला दोघांनी, न ठरवता, आपापल्या हद्दीत एकेक पाऊल जागा सोडली. त्या वाटेनं म्हातारी मक्याची ऊन ऊन भाकरी घेऊन पाथरवटाकडे गेली. निळा मणी तिनं त्याच्या हातावर ठेवला.

"भाऊ, माझी दोन्ही लेकरं तुम्ही मला परत दिलीत," ती म्हणाली.

तात्पर्य : दोघांपैकी कुणीतरी थोडी जागा मोकळी सोडली, तरच डाव पुढे सरकतो.