एकवीस घरांतल्या घरघंट्या

मिरज शहरात एक पिठाची गिरण होती आणि त्या गिरणीच्या मालकाला एक मुलगी होती. तिचे नाव कस्तुरी मगदूम. ती कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती आणि आकड्यांवर तिचा फार जीव. लोक जशी मासिके वाचतात तसे ती कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायची.

त्या वर्षी तिच्या कॉलेजात एक नवल घडले. मुंबईची एक मोठी गुंतवणूक बँक इंटर्नशिपच्या मुलाखती घ्यायला येणार, अशी नोटीस लागली. ही आपल्या पासबुकाची बँक नव्हे. कोणत्या कंपनीचे मोल किती, कुणी कुणाला विकत घ्यावे, नव्या कारखान्यासाठी भांडवल कसे उभे करावे, असे सल्ले देणारी ही बँक. आजवर ती फक्त मोठ्या शहरांतल्या नावाजलेल्या कॉलेजांत जायची. मिरजेला ती पहिल्यांदाच येत होती.

जागा एकच होती, उन्हाळ्याच्या दोन महिन्यांची. अर्ज आले बेचाळीस. लेखी चाचणी झाली आणि मुलाखतीसाठी नऊ नावे लागली. त्यात कस्तुरी होती आणि तिची मैत्रीण अल्फिया पटवेगारही होती. दोघी नोटीस बोर्डासमोर एकमेकींचे हात धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

कॉलेजच्या आवटी सरांनी नऊ जणांना बोलावून सांगितले, "चांगली मुलं दिसली तर हे लोक दरवर्षी येतील. नाही दिसली तर पुन्हा आपल्या वाटेला यायचे नाहीत. तेव्हा तयारी करा."

तयारी जोरात सुरू झाली. ताळेबंद कसा वाचायचा, नफा वाढला तरी हातात रोकड का उरत नाही, दोन कंपन्या एक झाल्या की काय होते, हे सगळे दोघी एकमेकींना विचारत. कस्तुरी भाजी चिरताना उत्तरे म्हणायची. अल्फिया दुचाकीवर मागे बसून प्रश्न विचारायची. सगळ्यांत मोठा प्रश्न मात्र एक होता आणि तो हमखास येणार असे सगळे म्हणत: एखादी कंपनी निवडा आणि तिचे शेअर घ्यावेत की नाही ते पाच मिनिटांत पटवून द्या.

या प्रश्नाचे तयार उत्तर पुण्याहून आलेल्या नोट्समध्ये होते. कुणा हुशार मुलाने ते लिहिले होते आणि मोबाईलवरून ते नवाच्या नऊ जणांकडे पोचले होते. कंपनीचे नाव 'सुपीठ'. ती घरघंट्या बनवायची. घरच्या घरी धान्य दळणारे ते छोटे यंत्र तीन वर्षांत दुपटीने खपू लागले होते. गल्लोगल्लीच्या पिठाच्या गिरण्या आता बंद पडणार, प्रत्येक घरात घरघंटी येणार, म्हणून शेअर घ्यावेत, असे ते उत्तर होते. कस्तुरीने ते तीन आठवडे घोटले. कुठे थांबायचे, कुठे आवाज चढवायचा, सगळे बसवले.

मुलाखत सोमवारी होती. आदल्या गुरुवारी दुपारी ती गिरणीत गेली आणि वडिलांना म्हणाली, "अण्णा, पाच मिनिटं ऐका. मी कंपनीबद्दल बोलते. अडखळले तर सांगा."

अण्णांनी पट्टा थांबवला, हात झटकले आणि ते स्टुलावर बसले. कस्तुरी बोलू लागली. छान बोलली. "येत्या पाच वर्षांत गल्लीतली गिरण इतिहासजमा होईल," हे वाक्यही तिने ठासून म्हटले आणि मग एकदम तिच्या लक्षात आले की आपण हे कुणासमोर म्हणतो आहोत. तिचे कान तापले.

अण्णांना राग आला नव्हता. ते म्हणाले, "कुठं अडखळली नाहीस. झक्क झालं."

"अण्णा, खरंच असं होईल का हो?"

"होईलही. घरघंट्या आल्या तशी आपली गिऱ्हाइकं कमी झाली होती की." अण्णा उठले आणि पट्टा परत चढवू लागले. "पण बरीच परत आलीत. ते का, ते मला नाही ठाऊक."

"परत आलीत? कोण कोण?"

"शिंत्रे वहिनी. समोरच्या चाळीतल्या दोघी. त्या बँकेतल्या बाई. आता डबे कुणाकुणाचे म्हणून सांगू?"

नोट्समध्ये हे कुठेच नव्हते. कस्तुरी तडक शिंत्रे वहिनींच्या घरी गेली. घरघंटी स्वयंपाकघरात कोपऱ्यात होती. तिच्यावर भरतकामाचा रुमाल घातला होता आणि त्यावर मनी प्लांटची बाटली ठेवली होती.

"चालत नाही का वहिनी ही?"

"चालते गं. पण आवाज किती, आणि पीठ उडतं ते पुसायचं कुणी? हप्त्यावर मिळाली म्हणून घेतली. वर्षभर वापरली. आता ही अशी शोभेची होऊन बसलीय."

एका घरावरून मत बनवायचे नाही, हे कस्तुरी ताळेबंद वाचता वाचता शिकली होती. तिने वही घेतली. शुक्रवार आणि शनिवार ती शहरभर फिरली. ओळखीच्यांकडे गेली, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांकडे गेली. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच उत्तर दिले. एका आजोबांनी आपली घरघंटी कौतुकाने चालवून दाखवली आणि ताज्या पिठाची पुडी बांधून दिली. तीही तिने वहीत 'चालू' म्हणून लिहिली. एकवीस घरघंट्या पाहून झाल्या. सात चालू होत्या. चौदा बंद होत्या आणि कुणाच्या डोक्यावर इस्त्री, कुणाच्या डोक्यावर वर्तमानपत्रांची रद्दी होती. संध्याकाळी घरी परतताना तिचे पाय दुखत होते, पण चाल धावल्यासारखी होती. आपल्याला असे काही कळले आहे जे छापील कागदात नाही, या विचाराने तिला जेवणही सुचेना.

रविवारी सकाळी तिने सुपीठचा वार्षिक अहवाल पुन्हा उघडला. हा तिने आधी दोनदा वाचला होता. पण आता ती वेगळ्या डोळ्यांनी वाचत होती. घरघंटीत एक जाळी असते. दळून दळून ती झिजते आणि बदलावी लागते. म्हणजे यंत्रे खरोखर चालत असतील, तर जाळ्या खपायलाच हव्यात. तिने पाने उलटली. मागे, बारीक अक्षरात, जाळ्या आणि सुटे भाग यांची विक्री दिली होती. तीन वर्षांत यंत्रांची विक्री दुप्पट झाली होती. जाळ्या मात्र होत्या तितक्याच खपत होत्या.

तिने तो आकडा तीनदा वाचला. मग ती चप्पल न घालताच दोन गल्ल्या ओलांडून अल्फियाकडे गेली आणि सगळे तिला सांगून टाकले.

अल्फियाने वही पाहिली, अहवाल पाहिला. मग म्हणाली, "भारी शोधलंस. पण कस्तुरी, मुलाखत उद्या आहे. घोटलेलं उत्तर झोपेतसुद्धा येतं तुला. हे नवं काल जन्मलंय. शिवाय ते विचारतील, वडील काय करतात? गिरण म्हटलंस की संपलं. म्हणतील, ही तर घरचं गाऱ्हाणं घेऊन आलीय."

हे कस्तुरीला सुचले नव्हते. तिचा चेहरा उतरला.

"मग वडिलांचं सांगायचंच नाही," ती हळूच म्हणाली.

"तसंही करता येईल. मी मात्र नोट्समधलंच बोलणार. माझ्यात एवढी हिंमत नाही बाई," अल्फिया म्हणाली.

कस्तुरी घरी आली आणि आरशासमोर उभी राहिली. तिने जुने उत्तर म्हणून पाहिले. ते सुरेख येत होते, पण 'प्रत्येक घरात घरघंटी येणार' या वाक्याशी तिला शिंत्रे वहिनींचा रुमाल दिसला आणि पुढचे वाक्य तिने सोडून दिले. मग तिने नवे उत्तर म्हणून पाहिले, वडिलांची गोष्ट गाळून. तेही मध्येच थांबले. आपल्याला माहीत असलेली गोष्ट लपवून समोरच्याला पटवायचे, तर मग त्या नोट्सनी काय वेगळे केले होते? तिने कोरा कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून सगळे नव्याने लिहिले.

सोमवारी मुलाखती सुरू झाल्या. बँकेतून दोघे आले होते. एक देवस्थळी मॅडम, केस पांढरे, बोलणे मोजके. दुसरे बलसारा साहेब, हसतमुख, पण प्रश्न विचारताना न हसणारे. कस्तुरीचा नंबर सातवा होता. तिच्या आधीचे सहाजण बाहेर आले आणि सगळ्यांनी सांगितले की उत्तर झकास झाले. त्यात अल्फियाही होती.

कस्तुरी आत गेली.

"एखादी कंपनी सुचवा," बलसारा साहेब म्हणाले. आवाजात कंटाळा होता.

"सुपीठ," कस्तुरी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. देवस्थळी मॅडमनी पेन खाली ठेवले. "सकाळपासून सातव्यांदा ऐकतोय आम्ही. बोला, का घ्यावी?"

"घेऊ नये, असं माझं मत आहे. पण त्याआधी एक सांगते. माझ्या वडिलांची पिठाची गिरण आहे. ही कंपनी चालली तर आमचं नुकसान आहे. म्हणून मी जे सांगेन ते दोनदा तपासून घ्या. आणि तीन आठवडे मीही घ्यावी असंच पाठ करत होते. मत बदलून तीनच दिवस झालेत."

मॅडमनी पेन पुन्हा उचलले.

कस्तुरीने एकवीस घरे सांगितली, सात चालू, चौदा बंद. रुमाल, इस्त्री, रद्दी सांगितली. मग जाळ्यांचा आकडा सांगितला. बलसारा साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"कंपनी अकरा राज्यांत माल विकते. तुम्ही एका शहरातली एकवीस घरं पाहिलीत. हा पुरावा झाला?"

"नाही सर. घरांमुळे मला शंका आली. अकरा राज्यांचं उत्तर माझ्याकडे जाळ्यांच्या आकड्याएवढंच आहे."

"बरं. नव्या यंत्राची जाळी लगेच झिजत नाही. यंत्रं नुकतीच खपलीत, म्हणून जाळ्या वाढल्या नसतील."

"हे माझ्या लक्षात आलं नव्हतं," कस्तुरी म्हणाली. तिने कागद मागितला. गेल्या वर्षी विकलेली सगळी यंत्रे तिने वगळली आणि फक्त त्याआधीच्या यंत्रांचा हिशेब मांडला. पेन्सिल भराभर चालत होती. मुलाखत आहे, हेच ती विसरली. "सर, गेल्या वर्षीची यंत्रं सोडली तरी जाळ्या निम्म्यानं तरी वाढायला हव्या होत्या. त्या जागच्या हललेल्या नाहीत."

देवस्थळी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "लोक बाजारातून स्वस्तातली दुसरी जाळी आणत असतील. मग कंपनीच्या आकड्यात ती दिसेल कशी?"

काहीतरी ठोकून द्यावे असे कस्तुरीला क्षणभर वाटले.

"मला माहीत नाही, मॅडम. सुट्या भागांच्या दुकानांत विचारायला हवं होतं. मी फक्त घरांत गेले. तुमचं म्हणणं खरं निघालं तर माझा मुख्य मुद्दा पडेल."

"पडला तर?"

"तर मी परत मत बदलेन. पण मिरजेत अशी चार-पाचच दुकानं आहेत. उद्या दुपारपर्यंत कळेल."

बलसारा साहेब पहिल्यांदाच हसले. पाच मिनिटांचे उत्तर चाळीस मिनिटे चालले होते.

संध्याकाळी चार वाजता आवटी सरांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावले. देवस्थळी मॅडम उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "आज आम्हाला आठ वेळा एकच उत्तर ऐकायला मिळालं. उत्तर वाईट नव्हतं, पण त्यातलं कुणीही घरघंटी पाहून आलं नव्हतं. एक मुलगी पाहून आली. तिचं मत बरोबर आहे की नाही, हे आम्हालाही आज ठाऊक नाही. पण चुकली तर ती आम्हाला स्वतः येऊन सांगेल, याची आम्हाला खात्री आहे. कस्तुरी मगदूम."

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. सगळ्यांत आधी अल्फियाने वाजवल्या. मग ती कस्तुरीच्या कानाशी म्हणाली, "पुढच्या महिन्यात मला कोल्हापुरात दुसरी मुलाखत आहे. माझी कंपनी ठरलीय. उद्यापासून माझ्याबरोबर फिरायला ये." आधी सुट्या भागांची दुकाने फिरून कस्तुरीने जे कळले ते बँकेला कळवले, मग ती अल्फियाबरोबर आठ दिवस फिरली.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी कस्तुरी मुंबईला बँकेत हजर झाली. एकोणिसावा मजला, काचेच्या भिंती, खाली समुद्र. तिच्या टेबलावर एका सिरॅमिक टाइल्सच्या कंपनीची जाडजूड फाईल ठेवली होती. ती खुर्ची ओढून बसणार, तोच बलसारा साहेब आले.

"बसू नका. फाईल गाडीत वाचा. आपण कारखाना बघायला निघालोय."

कस्तुरीने फाईल उचलली आणि ती त्यांच्या आधी लिफ्टपाशी पोचली.

तात्पर्य एवढेच: कष्टाने पाठ केलेले उत्तर खरे नाही असे कळताच ज्याला ते सोडता येते, आणि आपल्या मतात आपला स्वार्थ कुठे आहे ते जो आधीच सांगून टाकतो, त्याचीच तयारी खरी.