भिंतीला वारा

एकदा एक भिंत काही केल्या कोरडी होईना. घर एका व्यापाऱ्याचे. मुलाचे लग्न ठरत आले होते, मुलीकडची मंडळी घर पाहायला येणार होती, म्हणून डागडुजी निघाली. सगळे घर उजळले. मुलासाठी राखलेल्या खोलीतली एक भिंत तेवढी राहिली. तिच्यावर बुरशी होती.

काम एका वृद्ध रंगाऱ्याकडे होते. त्याने ती भिंत आपल्या शिष्याला दिली. शिष्याने ती पुसून रंगवली. चार दिवसांनी तिच्यावर एक काळसर ढग उमटला. त्याने रंगाचा दुसरा हात दिला. ढगाचा उंट झाला. तिसऱ्या हातानंतर उंटामागे सबंध तांडाच निघाला. दुपारच्या पेंगेत शिष्याला वाटे, भिंतीच्या आत एक संथ नदी वाहते आहे आणि हे सारे प्रवासी तिच्याच काठाने कुठेतरी चालले आहेत.

"बाबा, अजून एक हात देऊ?"

"दे की. तांड्याला सावली होईल."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी व्यापाऱ्याच्या पत्नीने तोडगा काढला. "तिथे कपाट सरकवा. कपाट हलवून भिंत बघणारे व्याही अजून जन्मायचेत." आणि ती मिठाई आणायला गेली.

वृद्धाने भिंतीला तळवा लावला, मग कान लावला. पलीकडच्या नहाणीघरात जाऊन नळाचे पाणी तोडले. परत येऊन छिन्नी उचलली आणि छातीएवढ्या उंचीपर्यंतचा गिलावा पार विटांपर्यंत उतरवला.

"ठाऊक होतं, तर मला एवढे हात का देऊ दिलेत?" शिष्याने विचारले.

"अजून एक हात देऊ का, एवढंच तू विचारलंस. ओल कुठून येते, हे कधी विचारलंस?"

व्यापाऱ्याची पत्नी परतली आणि दारातच थिजली. "अहो बाबा, उद्या माणसं यायचीत. सोयरीक मोडली तर?"

"मोडली तर बोल मला लावा, बाई. नळ भिंतीत ठिबकत होता. तो बंद केला, पण मुरलेली ओल वारा लागल्यावाचून जात नाही. बुरशीला काळोख दिला की ती संसार थाटते. आम्ही तिला रंग देत होतो, तुम्ही कपाट देणार होतात. या खोलीत कुणाची तरी लेक निजणार आहे. भिंत तिच्या माणसांपासून लपवाल. तिच्या श्वासापासून कशी लपवाल?"

तिने मिठाई आत नेऊन ठेवली. कपाट मात्र होते तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. मुलगीही आली होती. व्यापाऱ्याची पत्नी पोह्यांची बशी घेऊन त्या विटांसमोर उभी राहिली. जेवढी भिंत पदराआड जाईल तेवढी जावी, अशा बेताने. मुलगी वळसा घालून पुढे आली आणि तिने विटांवर बोटे टेकवली.

"आई, आपल्या कोठीतली भिंत अशीच आहे ना? तिथे आपण मोठं कॅलेंडर लावलंय."

तिच्या आईने डोळे मोठे केले. मग व्यापाऱ्याच्या पत्नीलाच आधी हसू फुटले, आणि बशीतले पोहे थोडे सांडले.

"वाळायला किती दिवस लागतील?" मुलीने वृद्धाला विचारले.

"खिडकी उघडी ठेवली तर दीड-दोन महिने."

मुलीने मनाशी काही हिशेब केला. "मग रंग मी आल्यावरच लावा," ती हळूच म्हणाली.

शिष्याने रंगाच्या डब्याचे झाकण लावले आणि उठून खिडकी सताड उघडली.