बासष्ट घरांत रिकाम्या हाताने

एकदा एक वृद्ध तंत्रज्ञ एका तालुक्याच्या गावी राहत होते. उभी हयात टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेलेली. निवृत्तीनंतर त्यांनी इंटरनेटची विद्याही आत्मसात केली. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचा एक तिशीतला शिष्य होता. बुद्धी तल्लख, हात चपळ, आणि आळस? तोही भरपूर, पण त्याला तो ‘सोय’ म्हणत असे.

या शिष्याने गावातल्या बासष्ट घरांत राउटर बसवले होते. बिघाड झाला की उन्हातान्हात हेलपाटे कोण घालणार? म्हणून प्रत्येक राउटरमध्ये त्याने बाहेरून शिरण्याची वाट उघडी ठेवली आणि दुकानातल्या खुर्चीत बसून कोणाच्याही घरचा राउटर ठीकठाक करू लागला. लोक थक्क होत. अशी वाट उघडी आहे, हे मात्र त्याने कोणालाच सांगितले नव्हते.

एके सकाळी बातमी आली. नेमक्या त्याच राउटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्राच्या पोटातल्या मूळ आज्ञावलीत, दोष सापडला होता. बाहेरची वाट उघडी असेल, तर पासवर्ड ठाऊक नसलेला माणूसही खुशाल आत शिरू शकत होता. सुधारलेली आज्ञावली पंधरा दिवसांत देऊ, असे कंपनीने कळवले होते.

शिष्याच्या पायाखालची जमीन सरकली. अण्णा म्हणाले, “कपाळाला हात लावून काय बसलास? आधी वाटा बंद कर.” दुपारपर्यंत खुर्चीत बसूनच त्याने बासष्टही वाटा बंद केल्या आणि हुश्श केले.

“सुटलो बुवा! कोणाला कळलंसुद्धा नाही.”

यावर अण्णा उठले. त्यांनी शिष्याची हत्यारांची पिशवी उचलून कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावले आणि त्याच्या हातात बासष्ट घरांची यादी दिली.

“आता घरोघर जा.”

“हत्यारांशिवाय? अहो, तिथं जाऊन करू काय?”

“सांग. तुम्हाला न विचारता मी वाट उघडी ठेवली होती, आज बंद केली. राउटरचा आणि कॅमेरा असेल तर त्याचाही पासवर्ड बदला, म्हणावं.”

“अण्णा, माझं नाव मातीत जाईल! उद्या कोणी दारात उभं करणार नाही मला.”

“जा,” अण्णा एवढेच म्हणाले.

शिष्य गेला. कोणी हसले, कोणी ‘बरं झालं बाबा सांगितलंस’ म्हणाले, एका व्यापाऱ्याने धाडकन तोंडावर दार लावले. सबनीसबाईंचे घर त्याने मुद्दाम शेवटी ठेवले होते. बाई पाळणाघर चालवत, आणि आयांना कामावर बसल्या बसल्या आपली लेकरे दिसावीत म्हणून तिथे कॅमेरा शिष्यानेच बसवला होता.

सगळे ऐकून बाईंनी विचारले, “कोणी पाहिलं असेल का रे आमच्या पोरांना?”

‘छे, छे’ अगदी जिभेवर आले होते. ते गिळून तो म्हणाला, “तशी खूण सापडली नाही. पण खात्रीनं नाही सांगता येत, बाई.”

“अकरा लेकरं झोपतात इथं! आणि हे तुझ्या सोयीसाठी?” बाईंनी त्याच्यादेखत कॅमेऱ्याची वायर उपटली. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

परत आला तो धुमसतच. “हेच हवं होतं ना तुम्हाला? आणि पिशवी काढून घ्यायचं कारण काय?”

“पिशवी असती तर तू उगाच वायरींशी खुडबुड करत बसला असतास आणि बोलायचं टाळलं असतंस,” अण्णा शांतपणे म्हणाले. “बाळ, वाट उघडलीस ती त्यांच्या नकळत, बंद केलीस तीही नकळत. मग तू आणि चोर, यांतला फरक त्या घराला कळावा कसा? आत कोणी येऊन गेलं का, हे तुलाही ठाऊक नाही. तू बोलला नसतास तर त्यांनी पासवर्ड बदलले असते का? आणि पंधरा दिवसांनी नवी आज्ञावली घालायची आहे. आता खुर्चीतून नाही जमायचं, बेल वाजवावी लागेल. दार उघडायचं की नाही, ते घरातला माणूस ठरवेल. आधीपासून त्यानंच ठरवायला हवं होतं.”

त्या दिवशी शिष्याला जेवण गेले नाही.

नवी आज्ञावली आली, तेव्हा त्याने पहिली बेल वाजवली ती सबनीसबाईंची. बाई दारात क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिल्या.

“ये. सगळ्या आयांना विचारलं मी. त्या म्हणाल्या, स्वतः येऊन सांगून गेला ना, मग त्यालाच बोलवा.”

लॅपटॉपवर राउटरचे पान उघडले आणि त्या पानाने पासवर्ड मागितला. शिष्याने लॅपटॉप बाईंपुढे सरकवला. “तुम्हीच टाका.”

“तोंड फिरव तिकडे,” बाईंनी फर्मावले.

तो झटकन भिंतीकडे वळला. पाठीमागे बाई एकेक अक्षर शोधून दाबत होत्या, पलीकडे कुणी लेकरू झोपेत कुरकुरत होते. बासष्ट घरांत तो आजवर शेकडो वेळा शिरला होता. पण आपल्याला कोणी घरात घेतले आहे, असे त्याला आज पहिल्यांदाच वाटले.