पानावरचा हात

रंगराव देसायांचा शब्द अख्ख्या गावात कुणी मोडत नसे. मोडत होती ती फक्त त्यांची चार वर्षांची नात, तानी. पडवळाची भाजी दिसली की ती पानावर इवलासा हात आडवा धरी. देसाई तो हात बाजूला सारत आणि भाजी वाढायला लावत. "पान स्वच्छ झाल्याशिवाय उठायचं नाही," हा त्यांचा हुकूम. मग तानी रडे, आणि भरवता भरवता तिची आई वेणूही रडे.

देसायांची बहीण अंबूआत्या माहेरपणाला आली. तिने हे पाहिलं आणि सणाच्या दिवशी पंगतीत वाढायला स्वतः उभी राहिली. पोट भरताच देसायांनी पानावर हात धरला. आत्याने तो बाजूला सारून पुरणपोळी वाढली. वर आणखी एक वाढली.

"अंबे, हात दिसत नाही?" देसाई गरजले. "माझं पोट भरलेलं मला कळतं की तुला?"

"दिसला की, दादा. पण तानीचा हात बाजूला सारतात, तेव्हा मला वाटलं या घरची रीतच असेल."

देसायांनी पानातल्या पोळ्यांकडे पाहिलं, मग तानीकडे.

"वेणू," ते हळूच म्हणाले, "उद्यापासून तिला बोराएवढीच भाजी वाढ. खाल्ली तर खाल्ली."

काही दिवसांनी तानीने आपणहून आजोबांच्या पानातली पडवळाची भाजी मागितली.

आत्या सासरी निघाली, तेव्हा वेणू लाडवांचा डबा भरत होती. आत्याने हसून डब्यावर हात आडवा धरला.

"एवढा एक हात मी बघणार नाही, आत्याबाई," वेणू डोळे पुसत म्हणाली आणि तिने आणखी दोन लाडू ठेवले.