कातळसासूनं सांगितलेली तीन कामं

एक होती कातळसासू. कुठं म्हणाल, तर आभाळात तो तांबडा मंगळ दिसतो ना, त्याच्यावर. तेव्हा तिथं ऊब होती, ढग होते, पाऊस होता. सासू उंच, टणक, अंगाला कुठं चीर म्हणून नाही. तिच्या माथ्यावर नांदायची तिची सून, खळाळी नदी. खळाळीचं माहेर पार खाली, सखल खड्ड्यातलं तळं.

एकदा काय झालं, वारा सांगत आला, "बाई, इथली हवा विरत चाललीय. आता थंडी येणार ती कायमची. आईला भेटायचं तर आत्ताच नीघ, नाहीतर वाटेतच गोठशील."

मग खळाळीनं विचारलं, "आत्याबाई, माहेरी जाऊ का?"

सासू म्हणाली, "आधी माझे धोंडे दळ."

काळीज दगडाचंच मेलीचं, बरं का. खळाळीच्या अंगाची लाही लाही झाली. पण तिनं धोंडे एकमेकांवर आपटले, त्यांचे गोटे केले, गोट्यांची वाळू केली. मग विचारलं, "जाऊ?" सासू म्हणाली, "आधी मला न्हाऊ घाल." मग तिनं पावसाचं पाणी घेऊन सासूला अशी खसाखसा घासली, की पापुद्रे निघाले. "आता जाऊ?" सासू म्हणाली, "अगं, पाठ खाजवायची राहिली की."

तोवर काठचं पाणी गोठायला लागलं होतं. मग मात्र खळाळीचं डोकं फिरलं. "खाजवते हं, आत्याबाई," म्हणाली, आणि सगळी वाळू, सगळे गोटे घेऊन तिनं ती पाठ अशी खरवडली, अशी खरवडली, की तिच्यात ही खोल दरी पडली. सुनेच्या हातून आपण आपल्यालाच दळून घेतोय, हे त्या बाईला कळलंच नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हाच जाऊ दिलं असतं, तर पाठ शाबूत राहिली असती. मला तिची जराही दया येत नाही.

त्या दरीतून खळाळी धावत सुटली. मागं थंडी, पुढं माहेर. पोचली बरं का, अगदी थोडक्यात पोचली. आईपुढं तिनं पदरातली वाळू-माती पंख्यासारखी पसरली आणि म्हणाली, "आई, सासूबाईंचं पीठ आणलंय."

मग थंडी आली. मायलेकी बर्फाची गोधडी ओढून शेजारी शेजारी निजल्या, त्या आजतागायत सुखात आहेत. सासू वर एकटीच आहे, आणि आता काम सांगायला तिला कुणी उरलेलं नाही.

निजा आता तुम्हीही. आणि मोठेपणी घरातल्या सुनेला माहेरी जायला अडवलंत, तर माझ्याशी गाठ आहे. मिटा डोळे.