मोहरपरीचे दोन दाणे

त्या दिवशी सकाळी धुकं असं दाट उतरलं होतं, की आभाळानं आपली पांढरी दुलईच रानावर टाकली म्हणा. सूर्य उगवला होता, पण लिंबाच्या फोडीएवढाच, फिकट फिकट. गवताच्या पात्यापात्यावर दवाचे मणी लुकलुकत होते.

अशा धुक्यातून केरबा बांधाबांधानं चालला होता. आठ वर्षांचं पोर. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. आईला मोठा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना तिच्या जिभेची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. भात भरवला तरी ती म्हणायची, "माती लागते रे बाळा." सहा दिवसांत तिनं धड घास घेतला नव्हता. वैदूबाबा सांगून गेले होते, "औषध झालं. आता अन्न पोटात गेलं, तरच उठेल ती."

केरबाला वाटलं, चुरचुरीत फोडणी दिली तर आई जेवेल. पण डब्यात मोहरीचा दाणा नव्हता. म्हणून तो बांधावरच्या रानमोहरीकडे निघाला होता.

तिथं सगळं पिवळं पिवळं झालं होतं, दाणा मात्र अजून धरला नव्हता. इवली इवली फुलं धुक्यात दिव्यांसारखी दिसत होती. आणि दोन फुलांच्या मधे, कोळ्याच्या जाळ्यात, काहीतरी चमचमत होतं. केरबानं वाकून पाहिलं. परी होती! बोटाच्या पेराएवढी. हळदी झगा, ओलेचिंब पंख.

"कोळीदादा, रागावू नकोस हं," म्हणत केरबानं एकेक धागा सोडवला. तिला तळहातावर घेतलं आणि हळूहळू फुंकर घालून तिचे पंख वाळवले.

"मी मोहरपरी," ती किणकिणली. "फुलांना पिवळा रंग वाटत होते, तर दवानं भिजले बघ." तिनं चिमुकला बटवा उघडला. "दोनच दाणे उरलेत. एका दाण्याची एक इच्छा. पण नीट ऐक. आधी तेल तापू दे, मग दाणा टाक. तो आपणहून तडतडेपर्यंत बोलायचं नाही, डिवचायचं नाही. तडतडला, की लगेच मागायचं."

केरबा मुठीत दाणे घेऊन घराकडे पळाला. दारातच शेजारच्या कोंडामावशी भेटल्या. बोटाला त्यांची नात, तीन वर्षांची ठकी.

"काय रे, आज काय रांधणार? लुगडं देऊ का एखादं नेसायला?"

"द्या की मावशी, गरम पातेलं उतरायला होईल!"

मावशी खुदकन हसल्या.

केरबानं पळीत तेल घेतलं, चुलीवर धरलं. पण मनाला कुठला दम? तेल तापायच्या आधीच दाणा टाकला आणि म्हणाला, "आई बरी होऊ दे." दाणा गार तेलात गप्प पडून राहिला. मग काळा पडला, आणि त्याचा धूर झाला. इच्छा गेली वाया.

आता एकच उरला होता. या वेळी केरबा थांबला. तेलावर बारीक लाटा उठल्या, तरी थोडा थांबला. मग हलकेच दाणा सोडला आणि ओठ मिटले. दाणा गरगर फिरू लागला.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "ठके! अगं ठके! धुक्यात कुठं गेली गं माझी पोर? नदीकडं तर नाही ना गेली?"

केरबानं आईकडे पाहिलं. वाळल्या काटकीसारखे तिचे हात. बाहेर मावशी रडत होत्या.

तड!

"ठकी घरी येऊ दे!" केरबा ओरडला.

आणि काय सांगू! धुकं मधोमध पडद्यासारखं बाजूला झालं. सोनेरी वाट उघडली, आणि त्या वाटेनं ठकी दुडूदुडू चालत आली. झग्याच्या ओच्यात पिवळी फुलं.

केरबानं आईला सगळं सांगितलं. तिनं त्याचा हात धरला. "बरं केलंस राजा. लेकरू आधी."

ते कोंडामावशींनी दारातून ऐकलं. त्या घरी गेल्या, आणि वाटीभर मोहरी, वाटीभर दही घेऊन आल्या. "हे परीचे दाणे नव्हेत रे, माझ्या डब्यातले आहेत. पण नुसत्या फोडणीनं हिची जीभ जागी व्हायची नाही. मोहरी फेस. कुट, थेंबथेंब पाणी घाल, घोटत राहा. नाकात चढली, की झाली समज."

केरबानं छपरावरचा लाल भोपळा आणून उकडला. मग खलात मोहरी घोटायला बसला. हात भरून आले. डोळ्यांतून पाणी आलं. तो मात्र घोटतच राहिला. हळूहळू पिवळाधमक फेस वर आला, आणि त्या फेसातून मोहरपरी उठून उभी राहिली!

"केरबा, दाणे संपले," ती हसली, "तसे माझे नियमही संपले. आता मी माझ्या मनानं देणार." आणि तिनं खलात चिमूटभर उजेड टाकला.

केरबानं भोपळा कुस्करला, दही घातलं, फेसलेली मोहरी कालवली. पहिला घास आईच्या तोंडात दिला. आईनं तो गिळला. मग नाक लाल झालं, डोळे मिटले, आणि—

"आऽऽक् छी!"

त्या शिंकेसरशी मोहरपरी उडाली! हजार पिवळ्या ठिणग्या झाल्या, घरभर लखलखल्या, कौलांतून वर गेल्या आणि उन्हात विरून गेल्या. बाहेर धुक्याचा मागमूस नव्हता.

"अगं बाई, केवढी चढली नाकात!" आई उठून बसली. दुसरा घास तिनं आपल्या हातानं घेतला, चाखला. "भोपळा गोड आहे रे. पण मीठ कमी पडलंय."

मीठ कमी! केरबा हसू लागला आणि रडूही लागला. तसाच डबा आणायला उठला, तर कोंडामावशींनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"बस रे तू. मीठ मी आणते. आईच्या ताटात जेव आता. सहा दिवस तू तरी कुठं पोटभर जेवलायस?"